बेटवाल्या वकिलांचा फेरा

पांझरेच्या पुलावर आले की गुलाबराव वकील फटफटी थांबवत, डोक्यावरची कातडी टोपी काढत आणि कठड्यावरून खाली वाकून मोठ्यानं म्हणत, "राम राम, बायांनो." मग टोपी घालून कोर्टात जात. संध्याकाळी परत येताना पुन्हा तेच. खाली धुणं धुणाऱ्या बायकांना सुरुवातीला वाटलं, वकील आपल्यालाच म्हणताहेत. त्यातल्या एकीचा नवरा हातात काठी घेऊन देवपुरात त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. गुलाबरावांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि समजावून सांगितलं, की विलायतेजवळ मॅन नावाचं एक बेट आहे. तिथं एका पुलाखाली पऱ्या राहतात आणि त्यांना नमस्कार केल्याशिवाय कोणी गाडी पुढं नेत नाही. पांझरेत पऱ्या कुठून येणार? म्हणून ते आपल्या साती आसरांना राम राम करतात. साती आसरांचं नाव निघताच त्या माणसानं काठी खाली ठेवली आणि हात जोडले. पाण्यातल्या त्या सातजणींशी वैर घ्यायला धुळ्यात कोणी तयार नव्हतं.

मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. देवपुरातल्या शाळेत मास्तर. गुलाबरावांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बोलायला घरात कोणी नाही, आणि बोलायची हौस तर दांडगी. तो सगळा मारा माझ्यावर होई. 'बेटावर असं नसतं' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. रस्त्यात म्हैस बसली, की बेटावर असं नसतं. चहात साखर जास्त पडली, तरी बेटावर असं नसतं. गावात त्यांना बेटवाले वकील म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

वडिलांनी त्यांना बॅरिस्टर व्हायला विलायतेला पाठवलं होतं. ते बॅरिस्टर न होता फटफटी घेऊन परत आले. इकडची वकिलीची परीक्षा मात्र त्यांनी नंतर नीट दिली. त्या बेटावर मोटारसायकलींची मोठी शर्यत होते. तिच्यासाठी वेगळं मैदान नाही; लोकांच्या रोजच्या वापरातला रस्ताच शर्यतीपुरता बंद करतात. रस्ता गावांतून जातो, डोंगरावर चढतो आणि वळसा घालून निघाल्या जागी परत येतो. गुलाबरावांनी त्या रस्त्यावरून पूर्ण फेरा मारला होता. कोणी विचारलं, कितवे आलात, तर सरळ सांगत की पहिला आणि शेवटचा मीच, कारण शर्यत संपून लोक घरी गेले होते, गाडी भाड्याची होती आणि पाऊस पडत होता. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसे.

"मास्तर, मागं न वळता घरी पोचता येतं," ते म्हणत. "हे मला त्या रस्त्यानं शिकवलं."

मग त्यांनी खानदेशात तसा रस्ता शोधला. धुळ्याहून अमळनेर, अमळनेरहून पारोळा, पारोळ्याहून मुकटी-फागण्यावरून परत धुळं. झाला फेरा पूर्ण. डोंगर नव्हता, त्याला इलाज नाही. वळणांना त्यांनी इंग्रजी नावं ठेवली होती. एका वडाच्या वळणाला तर कोण्या लॉर्डाचं नाव होतं, आणि तिथं गुरं राखणारा म्हातारा ते नाव इतकं झोकात घ्यायचा की ऐकत राहावं. शर्यतीसाठी रस्ता बंद करावा म्हणून ते एकदा मामलेदारांकडेही गेले. मामलेदारांनी विचारलं, स्पर्धक किती? वकील म्हणाले, एक. मामलेदार भला माणूस. रस्ता बंद करता येणार नाही, पण बैलांना सांगून ठेवतो, एवढं आश्वासन त्यांनी दिलं.

हा फेरा वर्षातून एकदाच निघे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्यामागचं कारण साऱ्या देवपुराला माहीत होतं. ते कारण म्हणजे तुळसाअक्का.

तुळसाअक्का ही गुलाबरावांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच भावाला वाढवलं. पुढं तिला अमळनेरला दिलं. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींचा सण. अंगणातल्या निंबांना झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, गौराई बसवतात आणि सासरी असलेल्या बहिणीला आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. ज्या बाईला मुराळी येत नाही, तिला त्या दिवशी विहिरीवर पाणी भरायला जाणंही जड जातं. विलायतेहून आल्यावर पहिल्याच आखाजीला गुलाबराव मोठ्या दिमाखात अक्काला आणायला निघाले. तिच्यासाठी त्यांनी फटफटीला शेजारी बसायचा डबा जोडून घेतला होता, आत लाल मखमलीची गादी होती. अमळनेरच्या वेशीवर समोरून अक्काचे सासरे, आबा, बैलांच्या दमणीत बसून येत होते. फटफटीनं नेमका त्याच वेळी बार काढला. बैल उधळले, दमणी बोरी नदीच्या वाळूत गेली आणि आबा निवडुंगात.

निवडुंगातून बाहेर काढल्यावर आबांनी शपथ घेतली, की ही गाडी माझ्या दारात थांबवायची नाही आणि हिच्यावरून आलेल्या माणसाबरोबर मी सून पाठवणार नाही. गुलाबरावांनी पुढं बैलगाडीनं जाऊन पाय धरले, मध्यस्थ घातले, पण आबा हलले नाहीत. तेव्हा वकिलांनी त्या शपथेचा वकिली अर्थ काढला. थांबायला मनाई आहे, जायला नाही. दर आखाजीला ते सकाळी निघत, आबांच्या दारावरून न थांबता जात आणि रबरी भोंगा दाबत. अक्का ओट्याच्या टोकाला खांबाला धरून उभी असे. तेवढीच दोघांची भेट. मग पारोळ्यावरून धुळं, आणि डबा रिकामा. लोक हसत. मीही हसत असे, पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचा मला धीर होत नसे.

एका वर्षी त्यांनी मला बरोबर घेतलं. घड्याळाकडे बघायला माणूस पाहिजे म्हणाले. मला वाटलं, मखमलीवर बसायला मिळेल. कसलं काय, डबा अक्काचा. मला मागं बसवलं. माझं शरीर बेताचं नाही, आणि मागची बैठक बेताची होती. वैशाखाचं ऊन, तापलेली धूळ आणि पुढं बसलेल्या वकिलांचं बेटावरचं पुराण, असा तो प्रवास सुरू झाला. धुळं सुटून बरंच पुढं गेलो आणि चाकात बाभळीचा काटा घुसला.

पंक्चर काढायला गुलाबरावांना येत होतं, पण घाईत काही नीट होईना. चिकटवलेलं ठिगळ सुटे, पुन्हा लावत, पुन्हा सुटे. ऊन कलायला लागलं. मी म्हटलं, आता परत फिरू, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी हातातला पंप खाली ठेवला.

"मास्तर, ती सकाळपासून उभी असेल."

मी उठलो आणि पंप मारायला लागलो. आयुष्यात एवढा पंप मी कधी मारला नव्हता.

अमळनेरला पोचलो तेव्हा दिवस उतरणीला लागला होता, आणि आबांच्या गल्लीत रस्ता बंद होता. आमच्यासाठी नव्हे, गौराईसाठी. गावातल्या साऱ्या माहेरवाशिणी डोक्यावर गौराई घेऊन, गाणी म्हणत बोरीकडे निघाल्या होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती लुगडी. त्या दिवशी रस्ता त्यांचा असतो, तिथं कलेक्टरचीही मोटार थांबते. गुलाबरावांनी भोंगा दाबला. बायका हसल्या आणि बाजूला होण्याऐवजी त्यांनी फटफटीला गराडा घातला. गाडी आचके देत बंद पडली, ती बरोबर आबांच्या दारात.

ओट्यावर बाजेवर आबा बसले होते. आता थकले होते, पण मिशी तीच. खांबाला धरून अक्का उभी होती. एवढ्या वर्षांचा हट्ट, आणि आज वकिलानं सगळ्या गावासमोर शपथ मोडली. आता ही भोंग्यापुरती भेटही बंद होणार.

पुढच्या एका दांडग्या बाईनं हँडल धरलं आणि विचारलं, "कोना मुराळी शे रे तू?"

कोर्टात न्यायाधीशांना बोलू न देणारा हा माणूस. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते आबांकडे बघत, अक्काकडे बघत, आणि मान खाली घालत. बायका चिडवायला लागल्या, मुराळी मुका आहे, याला कोणी बहीण देऊ नका. तेवढ्यात अक्कानं खांब सोडला. सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं न बोललेली ती बाई ओट्याच्या कडेला आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मना शे. मना भाऊ शे तो."

गाणं थांबलं. सगळ्या जणी आबांकडे वळल्या. आखाजीचा दिवस, दारात मुराळी, आणि समोर गावभरच्या लेकी. आबांच्या स्वतःच्या दोन मुली त्यात होत्या. म्हातारा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला. मग गुलाबरावांकडे न बघता, जणू बाजेलाच सांगावं तसा बोलला, "त्यानी थांबाडी नही. बायास्नी थांबाडी. मी धाडत नही, ह्या बायाच धाडतस." आणि सुनेकडे वळून, "जाय पोरी."

वकिलाला वकिलीत हरवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बायकांनी जो आरडाओरडा केला त्यानं गल्लीतली कबुतरं उडाली. अक्काचे यजमान इतकी वर्षं वडिलांपुढं ब्र काढत नव्हते. त्यांनीच आतून गाठोडं आणून डब्यात ठेवलं. माझ्या मांडीवर कोणीतरी सांजोऱ्यांची टोपली आदळली. अक्का नेसत्या लुगड्यानिशी मखमलीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी डब्याची कड घट्ट धरली.

वेशीबाहेर मी सुचवलं, की आता सरळ आल्या रस्त्यानं धुळं गाठावं, अक्कांना सवय नाही. गुलाबरावही तयार झाले. त्यांनी गाडी वळवायला घेतली, तर अक्कानं विचारलं, पुढचा रस्ता कुठं जातो? त्यांनी सांगितलं, पारोळ्यावरून फिरून घरीच येतो, पण लांब पडतो.

"मंग बठ्ठा, पुरा फेरा मार," अक्का म्हणाली. "इतला वरीस वाट देखी, आते घाई कसानी?"

आणि मग गुलाबराव वकिलांनी जी गाडी हाणली, तशी त्या बेटावरही कोणी हाणली नसेल. पारोळ्याच्या बाजारात माणसं दुकानांतून बाहेर आली. बाई फटफटीत बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. अक्काच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं सुटला, तिनं तो दातात धरला आणि एका हातानं सगळ्यांना राम राम करत सुटली. वळणं आली की गुलाबराव मान वळवून त्यांची इंग्रजी नावं ओरडून सांगत. दोन-तीन नावं ऐकून घेतल्यावर अक्कानं ती बदलायला सुरुवात केली. एका आडव्यातिडव्या वळणाला तिनं सासूचं नाव दिलं. पुढच्या खड्ड्याला आबांचं. वकिलांनी एकही हरकत घेतली नाही. मुकटीला पोरं मागं धावली, फागण्याला पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. मला मागं बसून मोठमोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, आणि शेवटी मी ओरडलोच. मास्तरकीची अब्रू त्या रस्त्यावर कुठंतरी सांडली असेल. मला तिची अजून आठवण झालेली नाही.

देवपुरात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बातमी कशी पुढं पोचली देव जाणे, सगळी आळी रस्त्यावर होती. माझी बायको लगबगीनं पुढं आली. माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं असतं, आणि वकिलांच्या घरात ते करणारं बाईमाणूस नाही. गुलाबरावांनी तिला हात केला.

"थांबा वहिनी. आहे."

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी. डोळ्यांवर धुळीनं माखलेला चष्मा तसाच. त्यांनी तुकडा मोडून अक्कावरून ओवाळला, दोन्ही बाजूंना टाकला आणि तिच्या पायांवर पाणी घालायला गेले. निम्मं पाणी स्वतःच्याच बुटांत गेलं. कोणी हसलं नाही.

उरलेली भाकरी माझ्या बायकोनं हातात घेऊन पाहिली. एका अंगानं करपलेली, जाडजूड, पण नीट गोल. सकाळी थापलेली होती. मी हळूच विचारलं, आजच अक्का येणार हे तुम्हाला कसं कळलं?

"मला कुठं कळलं?" ते म्हणाले. "मी दर आखाजीला करून ठेवतो. मगच गाडी काढतो."

अक्काचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. ती तशीच थांबली. वळून तिनं ती भाकरी बायकोच्या हातून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"कोनी शिकाडी रे तुले?"

"तूच तं शिकाडी, अक्का," गुलाबराव म्हणाले. आमच्याशी नेहमी पुस्तकी बोलणाऱ्या वकिलांना मी पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलताना ऐकलं.

अक्कानं त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला. मग ती आत गेली. थोड्या वेळानं चुलीपाशी भांडी सरकवल्याचा आवाज आला आणि त्यामागून अक्काचा.

"पीठ कोठे ठेवस रे तू?"