अर्ध्या सीताफळाची घासाघीस

एका जंगलात विटीदांडूचं फार वेड होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. तिथे आता टोलनाका आहे.

तर बाळांनो, मांडी घालून बसा. ज्यांना मधेच तहान लागते त्यांनी आत्ताच पाणी पिऊन या. मी गोष्ट थांबवत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून तर अजिबात सांगत नाही.

त्या जंगलात दोन संघ होते. एक नदीच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा. हिवाळाभर सामने चालत. सामन्याच्या दिवशी वाघसुद्धा शिकारीला जात नसे. गेला तर बसायची जागा जायची.

आता खेळाडू आले म्हणजे त्यांची चित्रं आली. माकडांनी धंदा काढला. मोहाचं मोठं पान घ्यायचं, दगडाखाली दाबून वाळवायचं, त्यावर काजळीनं एका खेळाडूचं चित्र काढायचं आणि खाली नाव घालायचं. असं एक पान आणि मूठभर भाजलेले चिंचोके एका द्रोणात घालून माकडं विकत. सुरुवातीला पिल्लं चिंचोके खात आणि पान फेकत. मग पान ठेवू लागली आणि चिंचोके फेकू लागली. मग ते खूळ मोठ्यांनी आपल्या हातात घेतलं, आणि त्यातली मजा संपली.

दर पंधरवड्याला पाणवठ्याजवळच्या माळावर पानांचा मेळावा भरायला लागला. विकणारे दगडावर पानं मांडून बसत. घेणारे टोपलीत फळं घेऊन फिरत. कुणी फळ देऊन पान घेई, कुणी पान देऊन पान. पान अस्सल की नक्कल, कोपरे शाबूत की नाहीत, हे ठरवायला एक घुबड नेमलं होतं. त्याला दिवसा दिसत नसे. पण त्याचं मत शेवटचं.

मेळाव्याची एक रीत होती. विकायला बसत ते बहुतेक पाला खाणारे. भेकर, सांबर, चितळ, असे. ज्या पानाला किंमत उरली नाही ते पान विकणारा तिथेच खाऊन टाकी. उगाच ओझं कोण वाहणार? त्यात कुणाला काही वाटत नसे. तुम्ही कशाला तोंडं वाकडी करता?

या मेळाव्यात दाजीबा नावाच्या साळिंदराचा मोठा दबदबा होता. दाजीबानं जन्मात कधी कुठलं पान त्याच्या किमतीला घेतलं नव्हतं. पलीकडच्या संघाचा कप्तान होता एक गवा. त्याचं पान मिळवायला लोक आंब्याचं आख्खं झाड द्यायला तयार असत. ते दाजीबानं एका खारीकडून एका कुजक्या पेरूवर मिळवलं होतं. खारीला खरी किंमत कळली तेव्हा ती तीन दिवस जेवली नाही. हे मला कुणी सांगितलं? दाजीबाच सांगायचा सगळ्यांना. सांगताना त्याचे काटे आनंदानं खुळखुळत.

दोन ससे त्याच्या मागे मागे फिरत, विद्या शिकायला.

"हे बघा," दाजीबा त्यांना सांगे, "जे पान हवं ते हवंय असं दाखवायचं नाही. आधी शेजारचं उचलायचं. मग हव्या त्या पानाच्या खोड्या काढायच्या. एवढं करून नाही ऐकलं तर पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. दहा पावलांच्या आत हाक येते. अकरावं पाऊल मला अजून टाकावं लागलेलं नाही."

ससे माना डोलवत. सशांना दुसरं येतं काय.

पण एक गोष्ट दाजीबानं सशांनाही सांगितली नव्हती. सात वर्षं तो एकच पान शोधत होता. त्याच्या बापाचं.

दाजीबाचा बाप येसबा अलीकडच्या संघातून एक सामना खेळला होता. एकच. नेहमीच्या खेळाडूच्या पायात काटा मोडला म्हणून ऐनवेळी त्याला उभं केलं. येसबानं असा टोला हाणला, की विटी नदी ओलांडून पलीकडे गेली. लोकांनी त्याला उचलून घेतलं, आणि काटे टोचले म्हणून लगेच खाली ठेवलं. पुढच्या हिवाळ्याआधी बिबट्यानं येसबाला नेलं. तेव्हा दाजीबा इतका लहान होता की त्याला बापाचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माकडांनी येसबाची फार तर चार पानं काढली असतील. एका सामन्याच्या खेळाडूला कोण विचारतो?

आई होती, तिला आठवत होतं. पण ती आता म्हातारी झाली होती.

"आवाज आठवतो रे," ती म्हणायची. "चाल आठवते. तोंड काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

दाजीबाचं आईवर फार प्रेम होतं. बापाला तर त्याला बघायचंच होतं. पण आपण कुणाचं पान शोधतो आहोत हे त्यानं मेळाव्यात एकालाही सांगितलं नाही. सांगितलं तर भाव वाढेल. सात वर्षं तो प्रत्येक दगडापुढे उभा राहून प्रत्येक पानावरचं नाव वाचत गेला, आणि कुणी विचारलं तर "सहज बघतोय" म्हणत राहिला.

एका मेळाव्याच्या सकाळी आईनं टोपली सीताफळांनी भरून दिली.

"आज मिळालं तर मागतील ते दे," ती म्हणाली. "घासाघीस करू नकोस, बाबा."

"आई, तुला व्यवहार कळत नाही," दाजीबा म्हणाला आणि निघाला.

त्या दिवशी माळाच्या कडेला एक नवी भेकरीण बसली होती. अनसाबाई तिचं नाव. डोंगरापलीकडून आली होती. पुढ्यात जेमतेम सहा पानं. दाजीबानं सवयीनं नावं वाचली. पाचव्या पानाखाली लिहिलं होतं, येसबा साळिंदर.

दाजीबानं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. आता तुम्ही काय केलं असतं? पान उचललं असतं. कारण तुम्ही लहान आहात, तुम्हाला अक्कल नाही. दाजीबा मोठा होता. त्यानं शेजारचं पान उचललं.

"हे कसं दिलं?"

"रानडुक्कर होय? दोन पेरू," अनसाबाई म्हणाली. "तुम्हाला कुठलं हवंय, दादा?"

"हवं असं काही नाही. सहज बघतोय." मग नखाच्या टोकानं पाचवं पान जरासं ढकलून तो म्हणाला, "हे कोण?"

"येसबा साळिंदर. एकच सामना खेळले. तुमच्यातलेच दिसतात."

"साळिंदरं पुष्कळ आहेत."

"तसं नव्हे. हे नाक बघा, आणि तुमचं नाक. बघा तरी." तिनं पान उचलून त्याच्या तोंडासमोर धरलं.

दाजीबानं पाहिलं. पण हव्या असलेल्या चित्रावर नजर रेंगाळली की विकणाऱ्याला कळतं आणि भाव चढतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं कोपरे पाहिले. कडा पाहिल्या. देठ पाहिला.

"उजवा कोपरा दुमडलाय," तो म्हणाला.

"हो, दुमडलाय खरा."

"वरच्या बाजूला कीड लागलीय. काजळी पुसट झालीय. देठ तर गायबच आहे."

"जुनं आहे ना ते." अनसाबाई त्याच्याकडे निरखून बघत होती. "दादा, तुमच्या नात्यातले आहेत का हे?"

एव्हाना दोन्ही ससे जवळ येऊन कान टवकारून उभे होते. आणखी दहाबारा जण जमले होते. दाजीबा घासाघीस करतोय म्हटल्यावर गर्दी व्हायचीच. घुबडानंही एक डोळा उघडला.

दाजीबानं विचार केला. हो म्हटलं तर ही बाई आख्खी टोपली मागेल. सशांसमोर आपलं नाक कापलं जाईल.

"छे," तो म्हणाला. "आमच्यात असला कुणी नव्हता."

"नीट आठवून सांगा. नक्की तुमचे कुणी नव्हेत?"

"नक्की. अहो, एका सामन्याचा खेळाडू तो काय खेळाडू? माकडांकडे एक पान उरलं असेल, काढला याला. टाकाऊ माल आहे."

स्वतःच्या बापाबद्दल, बरं का.

"मग काय द्याल?" अनसाबाईनं विचारलं. तिचा आवाज जरा पडला होता.

"अर्धं सीताफळ. तेही तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून."

सशांनी एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं.

"अर्धं सीताफळ," अनसाबाई म्हणाली. "राहू द्या, दादा."

दाजीबानं ठेवणीतला डाव काढला. त्यानं पाठ फिरवली आणि चालायला लागला. पाच पावलं झाली. सात झाली. आठव्याला त्यानं चाल मंद केली. नववं पाऊल त्यानं इतकं सावकाश टाकलं की एक मुंगी त्याच्या पुढे गेली. दहावं टाकलं. हाक आली नाही. अकरावं टाकून त्यानं मागे वळून पाहिलं.

अनसाबाई चावत होती. पानाची एक कड ओठांबाहेर होती. दाजीबा धावत येईपर्यंत तीही आत गेली.

"हे काय केलंत तुम्ही?"

"खाल्लं," अनसाबाई म्हणाली. "सगळे म्हणतात, दाजीबांसारखा जाणकार नाही. तुम्ही टाकाऊ म्हणालात म्हणजे टाकाऊच. आता मेलं ओझं तरी उतरलं. माझ्या वडिलांनी जपून ठेवलं होतं हो ते पान. येसबाचा तो टोला त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. जाताना मला म्हणाले, येसबाचा मुलगा कुठे भेटला तर हे त्याच्या हातात दे, आणि काही घेऊ नकोस. डोंगरापलीकडचे चार मेळावे झाले, हा माझा पाचवा. साळिंदर दिसलं की नाक बघायचं आणि विचारायचं."

दाजीबा म्हणाला, "मग फुकट आहे म्हणून सांगायचं नाही का?"

"फुकट म्हटलं असतं तर प्रत्येक साळिंदर मुलगा झाला असता. म्हणून नात्याचं विचारत होते. तुम्हाला नाही का दोनदा विचारलं?"

दाजीबाला तिथेच मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण रडला असता तर सगळ्यांना सगळं कळलं असतं. म्हणून तो नुसता उभा राहिला. एक ससा दुसऱ्याला म्हणाला, "बघितलंस? याला म्हणतात पारख. नुसता शब्द टाकला आणि विकणारीनं माल खाऊन टाकला." घुबडानं मान हलवून पसंती दिली आणि डोळा मिटला.

संध्याकाळी दाजीबा घरी आला. आई बिळाच्या तोंडाशीच बसली होती.

"मिळालं?"

"दिसलं," दाजीबा म्हणाला.

आई धडपडत उठली. "दिसलं? मग आण की इकडे."

दाजीबाला खोटं बोलायचं होतं. महाग सांगत होती, असं म्हणायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण आईचं तोंड बघून त्याला ते जमलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. नाकाचंही सांगितलं. आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

आई खाली बसली आणि तिनं त्याला शेजारी बसवून घेतलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पान गेलं तर गेलं. तू तर बघितलंस ना त्यांना? तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की मला आठवेल. थांब, मी डोळे मिटते." तिनं डोळे मिटले. "हं. कपाळ कसं होतं?"

दाजीबानं आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं.

"उजवा कोपरा दुमडलेला होता," तो म्हणाला.

"पानाचं नव्हे रे. त्यांचं सांग. डोळे कसे होते?"

"वरच्या बाजूला कीड लागली होती."

"हसत होते का?"

"काजळी पुसट झाली होती, आई."

आईनं डोळे उघडले नाहीत. ती तशीच वाट बघत बसली. त्याला आठवेल, असं तिला वाटत होतं.

तात्पर्य: बाळांनो, जे मनापासून हवं असेल ते नेहमी नको असल्यासारखं मागावं. ते मिळेलच असं नाही. पण त्यात काय काय खोट होती, हे जन्मभर तोंडपाठ राहतं.