दुसऱ्या मजल्यावरची टकटक

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खंडेराव अरिंगळे यांचं लाकडी घड्याळ चालू झालं, आणि ते दाखवायला घरात कोणी नव्हतं.

घड्याळाला पाच महिने लागले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं नोकरी केल्यावर खंडेरावांनी जेलरोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि राहायला आल्यावर सहा महिन्यांत त्यांची बायको नवसाबाई गेली. बिल्डिंगमध्ये ओळखी करून घ्यायचं खातं तिच्याकडे होतं. ते तसंच अर्धवट राहिलं. मुलगी स्नेहल हैदराबादला. "बाबा, हाताला काहीतरी चाळा हवा तुमच्या," म्हणून तिनेच वाढदिवसाला स्क्रोल सॉ पाठवली. शिवणयंत्रासारखं बारीक पातं वरखाली नाचवणारी ती विजेची करवत बघून खंडेराव आधी हसले, मग त्यांनी इंटरनेटवरून लाकडी घड्याळाचा नकाशा उतरवला, कागद प्लायवर चिकटवले आणि एकेक दाता कापायला बसले. सगळ्यात मोठ्या चाकाला साठ दाते हवे होते. शेवटचा दाता घाईत उडाला आणि एकोणसाठ राहिले. 'कोणाला कळतंय?' असं त्यांच्या मनात आलं. पण घड्याळाला कळणार होतं. त्यांनी चाक पुन्हा कापलं.

या पाच महिन्यांत त्यांच्याकडे बिल्डिंगमधलं एकच माणूस येऊन गेलं होतं, तेही भांडायला. खालच्या मजल्यावरच्या कलाबाई. मूळच्या सायखेड्याच्या. मुलगा-सून पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे, मग दिवसभर त्या एकट्याच. खंडेराव गॅलरीत बसून करवत चालवत होते आणि खालच्या गॅलरीत कलाबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

"काय हो भाऊ, लाकडाच्या कुरडया कोणी खातं का?" त्यांनी दारात उभं राहून ताट पुढे केलं होतं. कुरडयांवर पिवळा भुसा छान पसरला होता.

"माफ करा. लक्षात नाही आलं," खंडेराव म्हणाले होते.

तेव्हापासून ते खिडक्या लावून घरातच करवत चालवत. दोन वर्षांत बिल्डिंगमधल्या कोणाशी झालेलं तेवढंच संभाषण.

तर मंगळवारी घड्याळ चालू झालं. भिंतीवर हातभर रुंदीची लाकडी चौकट, तिच्यात एकमेकांत दात रुतवून फिरणारी चाकं, खाली मीटरभर लांब लंबक आणि दोरीला वजन म्हणून वाळू भरलेली दोन लिटरची बाटली. खंडेराव पलंगावर बसून दहा मिनिटं बघत राहिले. मग उठून त्यांनी खुर्चीवरून बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. तिन्हीकडून ते चांगलंच दिसत होतं.

'कोणीतरी बघायला पाहिजे,' त्यांना वाटलं.

स्नेहलला फोन करावा, तर ती यावेळी मीटिंगमध्ये. शिवाय फोनवर घड्याळ दिसलं असतं, पण जवळ येऊन चाकाला बोट लावून "हे तुम्ही केलं?" असं कोणी म्हटलं नसतं. त्यांना सुकदेव आठवला. कंट्रोल रूममध्ये वीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला सुकदेव, आता निफाडला. त्याला जाऊन घेऊनच यावं. खंडेरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दार ओढून घेतलं, लॅच आपोआप लागलं, आणि ते बसस्टॉपवर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फोन चार्जिंगला राहिला. तेवढ्यात निफाडची बस आली. ते चढले.

निफाडला सुकदेवच्या घरी सून होती. "अहो मामा, ते तर आठ दिवस झाले सुरतला गेलेत, ताईंकडे. फोन करून यायचं ना!"

"सहज आलो होतो," खंडेराव म्हणाले. "घड्याळ... काही नाही. सहज."

सुनेने चहा दिला. तो पिऊन ते परत बसस्टॉपवर येऊन बसले.

इकडे दुपारी दीडच्या सुमाराला कलाबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. वरून आवाज आला. टक. टक. टक. मग शांत. थोड्या वेळाने पुन्हा, टक. टक. कलाबाई उठून बसल्या. करवतीचा घर्रघर्र आवाज त्यांच्या ओळखीचा होता, हा तसा नव्हता. हे कोणीतरी दमून दमून ठोकत होतं.

त्यांनी वर जाऊन बेल वाजवली. कोणी आलं नाही. दाराला कान लावला. आत टकटक चालू होती. तेवढ्यात आत फोन वाजायला लागला आणि वाजून वाजून बंद झाला.  कलाबाई तशाच तिसऱ्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या. सेक्रेटरी ललित दोंदे घरून काम करायचा आणि त्यामुळे बिल्डिंगमधली सगळी कामं त्यालाच लागायची.

"वरचं म्हातारं पडलंय," कलाबाई म्हणाल्या. "म्हंजे तुझ्या खालचं. माझ्या वरचं. लवकर चल."

ललितने दार वाजवलं, हाका मारल्या. मग कलाबाईंच्या घरात जाऊन छताखाली उभा राहिला. तिथून टकटक जास्त स्पष्ट ऐकू येत होती.

"काका!" तो वर तोंड करून ओरडला. "ऐकू येतंय का? येत असेल तर एकदा ठोका!"

टक.

कलाबाईंनी ललितचा दंड धरला. "देवा खंडेराया! शुद्धीवर हायेत."

"काका, पडलात का तुम्ही? हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा."

टक.

"फार लागलंय का?"

टक. थोडं थांबून, टक.

"नाय म्हणताहेत," कलाबाई म्हणाल्या. "माणूस सोशिक हाय."

"दवाखान्यात न्यायचं का?" कलाबाईंनी छताकडे बघून विचारलं.

टक. टक. टक.

"तीनदा म्हणजे काय?" ललितने विचारलं.

"तीनदा म्हंजे लय गरज हाय. तू पोरीला फोन लाव त्यांच्या."

सोसायटीच्या फॉर्मवर स्नेहलचा नंबर होता. ललितने स्पीकरवर लावला. ती आधीच घाबरलेली होती, कारण तिने दुपारपासून चार फोन केले होते.

"ते कुठे बाहेर गेले असतील का?" ललितने विचारलं.

"नाही हो," स्नेहल म्हणाली. "बाबा कुठेच जात नाहीत. जायला कोणी नाहीच त्यांना."

जिन्यात तोवर जमलेली सात-आठ माणसं हे ऐकून कलाबाईंच्या दारात पुढे आली. आणि त्याच क्षणी वर काहीतरी धप्पकन पडलं. टकटक थांबली.

कलाबाईंनी काठीने छत ठोकलं. उत्तर नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग त्या रडायलाच लागल्या. "मी भांडले हो त्यांच्याशी. कुरडयांवरून भांडले!"

त्यानंतर सगळं भराभर झालं. कोणी रुग्णवाहिका बोलावली, कोणी समोरच्या बांधकामावरून दोन सुतारांना पहार घेऊन आणलं. रुग्णवाहिका गेटात शिरताना बघून आजूबाजूच्या दोन बिल्डिंगमधली माणसंही आली.

खंडेराव चार वाजता परतले तेव्हा गेटवर ही गर्दी होती.

"काय झालं हो?" त्यांनी एका गृहस्थाला विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरचे एक काका. एकटेच राहायचे. पडलेत म्हणे घरात. बहुतेक गेलेच."

खंडेरावांना वाईट वाटलं. दुसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट, म्हणजे आपल्या समोरचे. त्यांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. रोज सकाळी त्यांच्या दारात दुधाची पिशवी दिसायची. आपण कधी बेल वाजवून बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

"फार वाईट," ते म्हणाले.

"हो ना. कोणाशी बोलायचे नाहीत म्हणे."

"मीसुद्धा कधी बोललो नाही त्यांच्याशी," खंडेरावांनी कबूल केलं आणि गर्दीतून वाट काढत ते जिना चढू लागले.

दुसऱ्या मजल्याच्या खाली सहा पायऱ्यांवर ते अडकले. पुढे माणसांच्या पाठीच पाठी. वरून पहारेचा आणि लाकूड करकरण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"अहो, कुलपाच्या बाजूने नका काढू!" ते टाचा उंचावून ओरडले. "चौकट फुटेल! बिजागऱ्यांकडून घ्या. खालची आधी, मग वरची!"

"कोण बोललं ते?" वरून ललित ओरडला. "बरोबर बोलले. खालून घ्या रे!"

खालची बिजागरी सुटली, मग वरची. दार अख्खंच्या अख्खं निघालं. सगळी गर्दी एकदम आत गेली आणि तिच्या रेट्याबरोबर खंडेरावही आत गेले. समोर भिंतीवर त्यांचं घड्याळ होतं.

'अरे, यांच्याकडेही तसंच?' हा विचार त्यांच्या डोक्यात पुरा व्हायच्या आत त्यांना आपला पलंग दिसला, टीपॉयवर आपला चष्मा दिसला. बाटली दोरीतून सुटून फुटली होती आणि फरशीभर वाळू झाली होती. फोन वाजत होता. माणसं न्हाणीघरात, गॅलरीत, पलंगाखाली बघत होती.

"इथे नाहीत!"

"कपाटात बघा!"

"कपाटात कसे जातील?"

"बॉडी कुठंय मग?" रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाने वैतागून विचारलं.

खंडेरावांनी घसा साफ केला. "कोणाची?"

कोणी लक्ष दिलं नाही. त्या चाळीस जणांत त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. ललितसुद्धा त्यांना "काका, जरा बाजूला व्हा," म्हणून पुढे गेला. शेवटी दारातून कलाबाई आत आल्या, डोळे पुसत, आणि एकदम थबकल्या.

"अगं बाई! हे तर इथं उभे हायेत!"

सगळे वळले. खंडेरावांना काय करावं ते सुचेना. त्यांनी नमस्कार केला.

"कुठं गेले होतात तुम्ही?" कलाबाई कडाडल्या.

"निफाडला."

"मग माझ्याशी दोन तास कोण बोलत होतं?"

उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. चौकटीचा एक स्क्रू ढिला होऊन घड्याळ कललं होतं, आणि लंबक जोरात झुलला की शेजारच्या कपाटाला टेकत होता. ललित हसायला लागला. कलाबाईंना हसू आलं नाही. "मी लाकडाला विचारत होते दवाखान्यात न्यायचं का," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "अन् ते हो म्हणत होतं."

खंडेरावांनी स्नेहलचा फोन घेतला. ती आधी रडली, मग ओरडली, मग पुन्हा रडली. मागे कोणीतरी म्हणालं, "काका, हे चालतं का खरंच?"

त्यांनी स्वयंपाकघरातून दुसरी बाटली आणली, फरशीवरची वाळू तिच्यात भरली, दोरी बांधली, स्क्रू आवळला आणि लंबकाला हलकेच बोट लावलं. चाकं फिरू लागली. रुग्णवाहिकेचा माणूस पुढे वाकला. "हे तुम्ही केलं?" त्याने चाकाला बोट लावत विचारलं.

 खंडेरावांनी नुसती मान हलवली.

चहाला घरात दोनच कप निघाले. बाकीच्यांनी आपापल्या घरून आणले.

दुसऱ्या दिवशी कलाबाई धापा टाकत वर आल्या. "आवाज का नाय येत?"

"तुमच्यासाठीच सरकवलं. आता टेकत नाही."

"सरकवा. पण मला कळणार कसं तुम्ही बरे हायेत का नाय?" असं म्हणून त्या तासभर बसल्या. त्या उठल्यावर तिसऱ्या मजल्यावरची छोटी आरोही आईला घेऊन घड्याळ बघायला आली. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थही आले. त्यांचं नाव घुमरे होतं आणि त्यांना बुद्धिबळ येत होतं. दार नव्हतंच, त्यामुळे जिन्यातून जाणारा प्रत्येक जण आत डोकावायचा आणि डोकावलं की बसायचा. काढलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. झोपताना खंडेराव ते नुसतं चौकटीत उभं करत आणि सकाळी उठून पहिल्यांदा बाजूला घेत.

चौथ्या दिवशी ललित दोन सुतारांना घेऊन आला. "काका, तासाभरात बसवून देतील."

"नको, मीच करतो," खंडेराव म्हणाले. "हे बारकाईचं काम आहे. घाई करून चालत नाही."

तेरा दिवसांनी स्नेहलने फोनवर तेच विचारलं. "बाबा, दोन बिजागऱ्यांना इतके दिवस लागतात? घड्याळ केलंत तुम्ही!"

"अगं, हवा दमट आहे. लाकूड फुगलंय," खंडेराव म्हणाले. घुमऱ्यांनी समोर पट मांडला होता आणि कलाबाई स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत होत्या. "आठवडाभर तरी हात लावता येणार नाही त्याला."

बाहेर जिन्यात लखलखीत ऊन पडलं होतं.