जप्तीचा मेळा

पत्रिका घरी आली तेव्हा नलिनीबाई पोळ्या लाटत होत्या. गुलाबी कागद, वर गणपती, खाली 'वार्षिक कॉमिक्स मेळा, पांढुर्णा', आणि त्याच्याही खाली जाड अक्षरांत 'संस्थापिका : सौ. नलिनीबाई'. बाईंनी लाटणं पोळपाटावर असं आपटलं की आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या मुकुंदरावांनी पाय वर घेतले.

"पाह्यलं का हे? मी संस्थापिका? ज्या बाईनं उभा जन्म कॉमिक्सच्या नावानं बोटं मोडली, ती या मेळ्याची संस्थापिका?"

"छपाई चांगली झाली," मुकुंदराव म्हणाले. ते तहसिलीत बाबू होते आणि घरातलं भांडण टाळण्यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या पांढुर्ण्यात कोणी नव्हता.

"तुमाले छपाई दिसून राहिली. मले खुर्ची दिसून राहिली."

खुर्ची म्हणजे बाई जिथं शिकवत त्या शाळेच्या मुख्याध्यापकाची. ती रिकामी झाली होती, बाईंचं नाव वर गेलं होतं, आणि छिंदवाड्याहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब नेमके याच आठवड्यात येणार होते. साहेबांना कॉमिक्सचा असा तिटकारा की एका गावात त्यांनी मास्तरच्या टेबलावर एक सापडलं म्हणून त्या मास्तरची पार जंगलात बदली केली होती. अशा माणसाच्या हाती ही गुलाबी पत्रिका पडली तर? बाईंची इतक्या वर्षांची नोकरी, ना एक उशीर, ना एक ठपका, सगळी पाण्यात.

आता खरा इतिहास ऐका, म्हणजे बाईंवर केवढा अन्याय झाला ते कळेल. बाई वर्गात कॉमिक्स दिसलं की जप्त करत. दप्तरातून, बाकाखालून, भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटातून. वर्षभराची जप्ती पत्र्याच्या पेटीत जाई. एके वर्षी त्यांनी ठरवलं, निकालाच्या दिवशी आईबापांना बोलवायचं आणि चारचौघांत त्यांच्या हाती ही घाण द्यायची, म्हणजे जरा लाज वाटेल. पण कोणतं कॉमिक्स कोणाचं, याची खूण कोणी ठेवली होती? याचं त्याला गेलं, त्याचं तिला. मग लोक आपापलं शोधत आवारातल्या निंबाखाली बसले, अदलाबदल करता करता वाचायला लागले, कोणीतरी आलूबोंडे मागवले. संध्याकाळ झाली तरी कोणी उठेना. लाज राहिली बाजूला.

पुढच्या वर्षी बाई इरेला पेटल्या. त्यांनी भोंगा लावला. म्हटलं, पुकारतेच आता एकेकाच्या बापाचं नाव, ऐकू दे साऱ्या गावाला. इथंच त्या चुकल्या. आपल्याकडे भोंग्यावर नाव येतं ते देणगी देणाऱ्याचं, नाहीतर निवडून आलेल्याचं. संत्र्याच्या बागेवाले दादाजी नाव पुकारल्याबरोबर पांढऱ्या धोतरात उठले, चारी दिशांना हात जोडले, पोराचं कॉमिक्स कपाळाला लावलं आणि बाईंच्या हाती नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई डोळ्यांत पाणी आणून दारात उभी.

"बाई, आमच्या सुमननं काय पाप केलं? साऱ्यांच्या पोरींचं जप्त झालं, तिचंच काहून नाही? तिचा बाप जेवला नाही कालपासून."

"ती हुशार आहे, ती आणतच नाही कॉमिक्स."

"उद्यापासून आणीन जी. पण जप्त करजा."

त्याच्या पुढच्या वर्षी बाईंनी शेवटचा उपाय म्हणून सौंसरचे गुणवंता सर बोलावले, कॉमिक्सविरुद्ध भाषण द्यायला. सर आले ते आपल्या शाळेची जप्ती घेऊन, आणि मागे बसभर सौंसर घेऊन. शेजारच्या रामाकोन्याचे लोकही त्यातच चढले. भाषण कोणीच ऐकलं नाही. मग मंडप आला, मंडपामागे चिवडेवाला आला, आणि स्टेशनजवळ कॉमिक्स भाड्यानं देणारा शालिकराम आपण होऊन सेक्रेटरी झाला. म्हणजे मेळा मोडायला बाईंनी जे जे केलं त्यानं तो वाढतच गेला. यात त्या बिचारीचा काय दोष?

बाई पत्रिका मुठीत चुरगाळून तडक शालिकरामच्या दुकानात गेल्या. तो त्यांचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे आधी उभा राहिला.

"माझं नाव काढ."

"पण बाई, सुरू तं तुमीच केला."

"मी जप्ती केली, मूर्खा."

"तेच म्हणून राहिलो ना मी. जप्ती नसती तं मेळा कशाचा?" शालिकरामनं डोकं खाजवलं. "बरं, काढतो. पण मग टाकू कोणाचं? बिना संस्थापकाची पत्रिका लोक हातात नाही घेत."

"गुणवंता सरांचं टाक."

त्याच खुर्चीसाठी गुणवंता सरांचंही नाव वर गेलं होतं. हे बाईंच्या ध्यानात नव्हतं असं कोणी म्हणत असेल, तर तो बाईंचा अपमान आहे. आणि सरांना संस्थापक व्हायची इतकी हौस की साहेबांचं काय, त्यांनी स्वतःचंही बरंवाईट पाहिलं नाही. नवी पत्रिका निघाली. बाई निर्धास्त झोपल्या.

मेळ्याच्या सकाळी साहेब बाईंच्या घरी तर्री-पोहे खायला आले. दुसरी बशी घेत म्हणाले, "बाई, हे खूळ ज्यानं सुरू केलं त्याले मी शाळा देणार नाही. मले शिस्त पाह्यजे. तुमचं नाव मी पक्कं केलं. आज त्या मंडपातच सांगतो, म्हणजे लोकायलेही अक्कल येईन."

बाईंनी तर्री वाढली. दारामागून मुकुंदरावांनी हात जोडले.

मंडप गच्च भरला होता. साहेब मधल्या खुर्चीत कपाळाला आठ्या घालून बसले होते. बाई पहिल्या रांगेत, नव्या पातळात, शांत. गुणवंता सर माईकसमोर उभे राहिले.

"या मेळ्याचं बी मी सौंसरच्या मातीत पेरलं," सर म्हणाले. साहेबांच्या आठ्या वाढल्या. बाई मनात म्हणाल्या, बोल बाबा, अजून बोल.

"पहिल्या वर्षीची ती पेटी माझी होती."

बाईंनी पदर सारखा केला.

"भोंगा लावायची आयडिया, तीही या गरिबाच्याच डोक्यातून निघाली."

बाईंचा पाय हलायला लागला. मुकुंदरावांनी हळूच त्यांचं मनगट धरलं. "बस. खुर्चीकडे पाह्य."

"पांढुर्ण्याच्या एक बाई होत्या तेव्हा," सर प्रेमानं म्हणाले, "त्यायचीही थोडी मदत झाली. सतरंज्या झटकायले."

झालं. मुकुंदरावांच्या हातात नुसती हवा राहिली. बाई स्टेजवर चढल्या, माईक ओढून घेतला आणि त्यांचा आवाज पार बाजारापर्यंत गेला.

"कोणाची पेटी? माझ्या माहेरची पेटी आहे ती. कोणाचा भोंगा? मी स्वतः जाऊन आणला. हे सर आले तिसऱ्या सालात, बसमधून, मी बोलावलं म्हणून. अन् आले ते भाषण विसरून आले. खोटं असन तं दादाजीले विचारा, पह्यला नारळ कोणाच्या हातात देला."

"बाईच्याच," दादाजी उठून म्हणाले, आणि मंडपानं टाळ्या वाजवल्या. मनकर्णाबाई तर उभी राहून वाजवत होती.

साहेबांनी हात वर केला.

"म्हणजे बाई, हे सगळं तुमी सुरू केलं?"

नाही म्हणायला एक शब्द पुरत होता. मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले.

"मी नाही तं काय यानं?" बाई म्हणाल्या. "सारं मी केलं. सारं."

साहेबांनी जागच्या जागी सांगून टाकलं की बाईंची शाळा गुणवंता सरांकडे जाईल. गंमत पाहा, सरांना शाळा मिळाली, पण संस्थापकपण गेलं म्हणून ते परतीच्या बसमध्ये कोणाशी बोलले नाहीत म्हणतात. बाईंनी मात्र स्टेजवर संस्थापिकेची शाल घेतली, फोटो काढून घेतला, आणि घरी येऊन चहासुद्धा न घेता ओट्यावर बसल्या. मुकुंदरावही शेजारी बसले. बाईंचे डोळे भरले होते, हे त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"वाईट वाटून राहिलं मले," बाईच शेवटी म्हणाल्या. "लई वाटून राहिलं."

सर रुजू झाले त्याच दिवशी शालिकराम धापा टाकत आला. "बाई, पह्यला ऑर्डर निघाला. शाळेत कॉमिक्स आणाले बंदी अन् मैदानात मेळाही बंद. साहेबाचा हुकूम आहे म्हणे."

"बंद?" बाई ताडकन उठल्या. "माझा मेळा बंद करणारा हा कोण? मैदान नाही तं नाही. बाजाराची जागा काय त्याच्या बापाची आहे?"

"जागा होईन जी. पण शाळेत कॉमिक्सच नाही येणार, तं जप्ती कशाची करान?"

"घरून घेऊन या म्हणा," बाई पायात चप्पल सरकवत म्हणाल्या. "मी मंडपाच्या दारातच जप्त करीन."