म्हशीच्या गळ्यातला मोबाईल

आमच्या देऊळगाव राजात सगळ्यांत जपून गाडी चालवते ती उत्तमकाकांची म्हैस. विमा कंपनीचा तसा मेसेजच आहे.

मी गाड्यांचे विमे उतरवतो. कंपनीनं मोबाईलवर एक ॲप काढलं. गाडी कुठे गेली, किती पळाली, ब्रेक कसे दाबले, सगळं त्यात दिसणार. नीट चालवली तर हप्ता कमी. काकांच्या मुलानं, गजाननानं, ते वडिलांच्या मोबाईलमध्ये टाकून घेतलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

"गाडी माही, पेट्रोल माहं, मंग मी कुठी चाललो हे त्याहिले काऊन सांगू बे?"

काका माझे शेजारी. हा प्रश्न मला रोज दात घासताना ऐकावा लागे. उत्तरं देऊन मी थकलो, तेव्हा काकांनीच तोड काढली. गाडी काढण्याआधी मोबाईल पिशवीत घालून म्हशीच्या गळ्यात बांधायचा. म्हैस रानात, काका गावाला. कुणी विचारलंच तर, "तिकडं रेंज चांगली भेटते."

कंपनी खूश. वेग बेताचा, अचानक ब्रेक नाही. मीही गप्प बसलो. भांडायचं त्राण नव्हतं.

मग म्हैस व्याली, चरायला जाईना. त्या आठवड्यात एकदा गाडी काढताना मोबाईल काकांच्या खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले आणि दार लोटून घेतलं.

"साखरखेर्डा दिसते का त्याच्यात?"

दिसत होतं. त्या गावात, बापूंच्या दारात, गाडी बराच वेळ उभी होती. बापू म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचा दावा चालू होता. घरात बापूंचं नाव काढायचं नाही, हा हुकूमही काकांचाच.

"गजाननले दिसन?"

"पासवर्ड त्याच्याकडेच आहे, काका."

काका खुर्चीत बसले. "लकव्यानं हात गेला बापूचा. दाढी करून देतो. दुसऱ्याले वस्तरा लावू देत नाही तो."

"मग बोलता काय एकमेकांशी?"

"बोलाचं कसं? दावा चालू हाये ना."

काकांच्या मोबाईलवर ॲप उघडंच होतं; मी नोंद पुसली, ॲपही काढून टाकलं. हप्त्यातली सूट गेली. काका कुरकुरले नाहीत.

पुढच्या तारखेला मी दुसऱ्या कामासाठी कोर्टात होतो. बापू चाकांच्या खुर्चीत, गुळगुळीत गालांनी बसले होते. गजानन वकिलाशी बोलण्यात गुंतला होता. काका बापूंच्या जवळून गेले. भावाच्या कानाखाली वाळलेला साबण राहिला होता, तो त्यांनी जाता जाता अंगठ्यानं पुसला आणि समोरच्या बाजूला, आपल्या वकिलाशेजारी, जाऊन उभे राहिले.