शनिवारी चार वाजता तिन्हीकडे हजर

नियोजन कसं करावं, हे मला कुणी शिकवू नये! मी औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात नियोजन विभागात आहे. विभागात मी एकटाच, त्यामुळे विभागप्रमुखही मीच. तीन छपाई यंत्रं, दिवसाला पंधरा-वीस कामं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलंच काम आधी हवं! खोकल्याच्या औषधाची शाई वाळेपर्यंत मलमाची लेबलं कापून घ्यायची, ती कापून होईतो तिसऱ्या यंत्राला कागद चढवायचा. चौदा वर्षांत मी एकही यंत्र रिकामं उभं राहू दिलेलं नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत सांगतो.

अशा माणसाला ‘तीन खेळांपैकी एक निवड’ म्हणणं हा अपमान नाही तर काय?

झालं असं, की तीन नवे ऑनलाइन खेळ एकाच दिवशी, एकाच वेळी सुरू होणार होते. शनिवारी दुपारी चार वाजता! तीन कंपन्यांनी वर्षभर तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी तिघी एकाच मुहूर्तावर येऊन आदळल्या. खेळांची नावं लांबलचक होती. आमच्या घरात त्यांना लढाई, शर्यत आणि बेट असंच म्हणत.

लढाई साहेबांची. आमचे साहेब पन्नाशीचे आहेत, पण बारा जणांची पलटण घेऊन किल्ला जिंकायचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. ‘शनिवारी चारला. तू माझ्या मागे राहायचं,’ असं त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितलं. साहेबांना नाही म्हणायचं धाडस आमच्या कारखान्यात फक्त शाईला आहे. मी हो म्हणालो.

शर्यत मेहुण्याची. म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. तो गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून नकाशा वाचणार. “दाजी, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?” असं तो म्हणाला. नियोजनाची कदर करणारा एवढा एकच माणूस सासरी आहे. मी हो म्हणालो.

आणि बेट बाबांचं.

बाबा म्हणजे माझे वडील. निवृत्त भूमापक. आई गेल्यापासून दोन वर्षं गावाकडच्या घरात एकटेच असतात. आमचं फोनवर फारसं जमत नाही. ‘जेवलात का’, ‘हो’, ‘तब्येत’, ‘बरी’, एवढ्यावर दोघांचंही भांडवल संपतं, मग आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. म्हणून बायकोनेच त्यांना या खेळाचं वेड लावलं. त्यात भांडण नाही, मारामारी नाही. एक बेट असतं, तिथे फिरायचं, झोपडी बांधायची, आणि बोलायचं ते लिहून. पहिल्या दोन तासांत जे जोडीने येतील त्यांना शेजारी-शेजारी जमीन मिळणार होती. जमिनीचं नाव निघाल्यावर बाबा कसले थांबतात!

“चारला येशील ना?” त्यांनी तीनदा विचारलं.

“येणार म्हणजे येणार!” मी म्हणालो.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. शनिवारी तिचं क्लिनिक सहापर्यंत असतं. निघताना ती दारात थांबून म्हणाली, “तिघांना हो म्हणालायस. एक ठरव. आणि ठरवणार असशील तर बाबांचं ठरव.”

“ठरवायचं काय त्यात? तिन्ही यंत्रं चालतील!”

माझ्याकडे बघत तिने चपला घातल्या आणि ती गेली.

माझी योजना अशी होती. लढाईत बोलायचं नसतं, साहेबांच्या मागे पळत गोळ्या झाडायच्या असतात. म्हणजे हात साहेबांना. शर्यतीत हाताला काम नसतं, ‘डावीकडे, उजवीकडे’ एवढं ओरडायचं असतं. म्हणजे तोंड मेहुण्याला. आता बाबांना द्यायला माझ्याजवळ काही उरत नव्हतं. पण बेटाच्या खेळात एक सोय होती. आपण कामात असलो, तर आपला माणूस दुसऱ्याच्या मागे मागे चालतो आणि समोरच्याने काही लिहिलं, की आपण आधीच लिहून ठेवलेली उत्तरं एकामागून एक देतो. सहा उत्तरं झाली, की पुन्हा पहिल्यापासून.

मी विचार करकरून सहा उत्तरं लिहिली. ‘हो बाबा.’ ‘वा!’ ‘खरंय.’ ‘मग?’ ‘काळजी करू नका.’ ‘तुम्ही म्हणाल तसं.’ कुठल्याही वाक्याला कुठलंही चालेल! मी स्वतःचीच पाठ थोपटली. टॅबलेट कपाटावर उभा करून ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. डाव्या कानात साहेब, उजव्या कानात मेहुणा.

चार वाजले. पहिली बारा मिनिटं सगळं तेल घातल्यासारखं चाललं. तेराव्या मिनिटाला शर्यतीत वळण आलं आणि मी ओरडलो, “डावीकडे! डावीकडे! दाब जोरात!”

माझं तोंड मी मेहुण्याला दिलं होतं खरं, पण मायक्रोफोन दोन्ही खेळांना एकच होता. ही बारीकशी गोष्ट नियोजनातून निसटली होती. साहेबांना वाटलं, पलटणीतल्या कुणीतरी शत्रू पाहिला. ते जोरात डावीकडे वळले. त्यांच्यामागे अकरा जण वळले. डावीकडे नदी होती!

“कोण बोललं ते?” पाण्यातून साहेब गरजले.

“साहेब, तुम्हाला नव्हतं ते!”

“दाजी, मला साहेब काय म्हणता? पुढे पूल आहे का ते सांगा!” उजव्या कानात मेहुणा.

“गप रे गाढवा, जरा थांब!”

आमच्या पलटणीत एकोणीस-वीस वर्षांची पोरं होती, तीसुद्धा पोहायची थांबली.

“मला म्हणालास?” साहेबांनी हळू आवाजात विचारलं. साहेब हळू बोलतात तेव्हा कारखान्यात तिन्ही यंत्रं आपोआप बंद पडतात.

“नाही साहेब! तुम्हाला कसं म्हणेन? मेहुण्याला म्हणालो!”

“मेहुणा लढाईत कुठून आला?”

“दाजी, तुम्ही मला गाढव म्हणालात?” उजवीकडून मेहुणा कळवळला. तेवढ्यात त्याची गाडी झाडावर गेली. आवाजावरून झाड मोठं असावं. इकडे साहेब काठावर आले, त्यांनी पाणी झटकलं, माझ्याकडे वळले आणि स्वतःच्या हाताने मला गोळी घातली. आपल्याच माणसाला मारता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सव्वाचार वाजता मी दोन्ही खेळांतून बाहेर होतो. खरं तर तेव्हाच कपाटावरचा टॅबलेट काढून बेटावर जायला हवं होतं. पण मी काय केलं? साहेबांना माफीचा निरोप लिहीत बसलो. मग मेहुण्याला लिहिला. मग साहेबांचा पुन्हा वाचून त्यात आणखी दोन ‘आदरपूर्वक’ घातले. पावणेसहा वाजले. बेटावर तरी सगळं सुरळीत चाललंय, अशी मी मनाची समजूत काढत होतो.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिचा आवाज भरून आला होता.

“अरे, बाबांचा फोन आला होता! उद्या सकाळच्या बसने येतायत. तू त्यांना राहायला बोलावलंस?”

“मी?”

“सहा महिने सांगतेय मी, बोलव त्यांना, बोलव त्यांना. तू आपला ‘बघू’. आणि आज स्वतःहून! मला इतकं बरं वाटलं ना! चल, एक पेशंट आहे, ठेवते.”

आणि लाज वाटते सांगायला, पण मी म्हणालो, “म्हटलं, आता बोलवावंच.”

फोन ठेवला आणि टॅबलेट खाली काढला. दोन खोल्यांच्या झोपडीत माझा माणूस एकटाच भिंतीकडे तोंड करून उभा होता. खाली सगळं संभाषण होतं.

बाबा : आलास का?
मी : हो बाबा.
बाबा : बेट पावलांनी मोजलं. लांबी चारशे बारा.
मी : वा!
बाबा : यांचा नकाशा चुकलाय. उत्तरेचा किनारा आत आलाय.
मी : खरंय.
बाबा : मी कंपनीला पत्र लिहिणार आहे.
मी : मग?
बाबा : मग ते दुरुस्त करतील. नाहीतर पुन्हा लिहीन.
मी : काळजी करू नका.
बाबा : झोपडी इथे बांधू की टेकडीपलीकडे?
मी : तुम्ही म्हणाल तसं.

इथवर वाचून मला माझं कौतुकच वाटलं. पुढे वाचलं.

बाबा : पलीकडे बांधतो. दोन खोल्या. एक तुझी.
मी : हो बाबा.
बाबा : तुझ्या आईने लावलेला गुलाब वाळला.
मी : वा!

मी ती ओळ पुन्हा वाचली. त्यानंतर सहा मिनिटं बाबांनी काहीच लिहिलं नव्हतं. मग लिहिलं होतं.

बाबा : माझंच चुकलं. पाणी घालायचं राहिलं.
मी : खरंय.
बाबा : तोंडावर बोललास ते बरं झालं.
मी : मग?
बाबा : मग काय. घरात करमत नाही. संध्याकाळी टीव्ही लावतो, तो नुसता आवाजासाठी.
मी : काळजी करू नका.
बाबा : तुमच्याकडे महिनाभर येऊन राहावं म्हणतो. विचारायचा धीर होत नव्हता.
मी : तुम्ही म्हणाल तसं.
बाबा : येऊ खरंच?
मी : हो बाबा.
बाबा : मग उद्या सकाळीच निघतो.
मी : वा!
बाबा : माझी अडचण होईल तुम्हाला.
मी : खरंय.

पुढचं मला वाचवेना. माणसाने मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, ते कसं, हे मला कळलं. लढाईत गोळी लागली तेव्हा यातलं काहीच वाटलं नव्हतं.

साडेसहा वाजता बायको आली. मी टॅबलेट लपवणार होतो. खोटं कशाला बोलू, गादीखाली सरकवलाही होता. पण माझं तोंड बघून तिने हात पुढे केला आणि मी मुकाट्याने दिला. तिने उभ्या उभ्या वाचलं. गुलाबाच्या ओळीपाशी खाली बसली.

“बाबा आल्यावर हे तू सांगायचंस,” ती म्हणाली. “मी नाही.”

“सांगितलं तर ते आल्या पावली परत जातील.”

“जातीलही. पण त्यांना बोलावलंय कुणी, हे त्यांना कळायला नको?”

सकाळी साडेनऊला बेल वाजली. बाबा दारात उभे होते. हातात एकच बॅग, इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी. माझ्याकडे बघून हसले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. ‘महिनाभर न सांगितलं तर काय बिघडतंय?’ असं माझ्या मनात आलंच. एवढं झालं तरी माझं नियोजन सुरूच होतं!

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, काल बेटावर... तो मी नव्हतो.”

बाबांनी बॅग खाली ठेवली. सोफ्यावर बसले. बुटाची नाडी सोडायला वाकले.

“मी दुसरे दोन खेळ खेळत होतो. तुम्हाला उत्तरं देत होतं ते यंत्र. मी लिहून ठेवलेली होती. आईच्या गुलाबाचं मला काल संध्याकाळी कळलं. माझी चूक झाली, बाबा.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले.

“काय?”

“तिसऱ्या उत्तरालाच कळलं मला. मी घड्याळ लावून पाहिलं ना. बरोबर चार सेकंदांत उत्तर यायचं. दर वेळी चार.” त्यांनी बूट काढून एकाला एक लावून ठेवले. “मी काही विचारलं, तर तुझं नुसतं ‘बरं’ यायला दोन दिवस लागतात. चार सेकंदांत तू कसला बोलतोस?”

मी त्यांची बॅग उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

“मग... मग तुम्ही राहायला यायचं का विचारलंत? यंत्राला?”

“तुला विचारलं असतं, तर तू ‘बघू’ म्हणाला असतास,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “त्याला विचारून जरा सराव केला. मग सूनबाईला फोन केला. तिला वाटलं, तूच बोलावलंस; मी खोडून काढलं नाही. ती ‘या’ म्हणाली, म्हणून आलो. तुझ्या भरवशावर कोण बस पकडतंय!”

बायको पाठ फिरवून आत गेली. ती हसत होती की डोळे पुसत होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाबांनी घड्याळाचं मनगट जरा वर केलं.

“हं, आता तू समोर आहेस. विचारतो. राहू का मी इथे?”

आता यात अवघड काय आहे, वाचकहो? पण ‘राहा’ म्हणजे काही दोन शब्दसुद्धा नाहीत, एकच आहे, तो काही केल्या फुटेना! मी बाबांच्या बुटांकडे बघत उभा राहिलो. शेवटी कसाबसा म्हणालो, “राहा, बाबा. महिनाभर नको. राहाच.”

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“एकोणीस सेकंद,” ते म्हणाले. “दोन दिवसांपेक्षा बरं आहे.”