जहाजावरची सोय

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी दिवसाची पहिली गाडी जहाजापाशी थांबली. तिच्यातून सात माणसे उतरली. त्यांपैकी एकालाही जहाज बघायचे नव्हते.

इतिहासाची ओढ माणसाला उपजतच असते. ती जागी व्हायला फक्त अडीच तासांचा प्रवास आणि दोन कप चहा लागतो. किनाऱ्याच्या हमरस्त्यावर पाच सागरी संग्रहालये आणि हे एक जुने प्रवासी जहाज आहे. सागरी वारसा खात्याच्या पत्रकानुसार हे सगळे एका दिवसात 'सखोल' पाहून होते (जेवणाची सुट्टी धरून). जहाजापाशी पोहोचेपर्यंत कुटुंबाने अकरा नांगर पाहिलेले असतात आणि बाराव्याबद्दल विशेष उत्सुकता उरलेली नसते. तरी गाड्या थांबतात, कारण साठ किलोमीटरच्या टापूत स्वच्छ शौचालय एवढे एकच आहे आणि ते जहाजाच्या पोटात आहे.

जहाजाची देखभाल मिस्त्रींकडे. जहाज चालत होते तेव्हा त्याच्या इंजिनावर मिस्त्रींनी बावीस वर्षे काढली. पुढे जहाज किनाऱ्यावर ओढून सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवले, तेव्हा खात्याने मिस्त्रींनाही सामानाच्या यादीत घेतले (अनुक्रमांक एकेचाळीस, शिडीच्या खाली). शौचालय त्यांची बायको धुते. खात्याचा नियम सरळ आहे: वर्षाला वीस हजार प्रेक्षक आले नाहीत तर जहाज भंगारात. प्रेक्षक कोण, याचीही व्याख्या आहे. जो आत जाऊन परत बाहेर येतो, तो.

या उदार व्याख्येमुळे गेल्या वर्षी जहाजाला एकवीस हजार तीनशे प्रेक्षक लाभले. अभिप्रायवही त्यांच्या कौतुकाने भरली आहे. 'अप्रतिम. पाणी चोवीस तास.' 'कडी नीट लागते. नव्या पिढीला दाखवायलाच हवे.' मिस्त्री रोज ही वही वाचून इंजिनाचा उल्लेख शोधतात. एकदा सापडला: 'इंजिनाजवळ दिवा लावा, वाट दिसत नाही.'

"अहो, कशाला वाचत बसता?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं पुसताय ते इंजिन, कुणी छान म्हटलं? माझ्या फरशीचं बघा."

"फरशीवर जहाज चालतं का?"

"सध्या तिच्यावरच चाललंय!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी वाट दाखवणारे बाण बदलले. तोवर दारातून सरळ खाली गेले की शौचालय येई. आता आधी वर कप्तानाची खोली, मग उतारूंचा मजला, मग इंजिनघर आणि मग ते. लोकांनी वारसा पळत पाहिला. मिस्त्रींनी घड्याळ लावून नोंदी ठेवल्या: इंजिनघरात जाताना सरासरी चार सेकंद, परत येताना नऊ मिनिटे. मोकळा झालेला माणूस कमालीचा सुसंस्कृत असतो. तो चाकाला हात लावतो, "काका, हे अजून फिरतं का हो?" असे विचारतो, बाहेर गाडीत बसलेल्या सासऱ्यांनाही हाक मारून बोलावतो. त्या महिन्यात मिस्त्रींना अख्खे इंजिन चाळीसदा समजावून सांगावे लागले. त्यांची भूक वाढली.

असे यश लपत नाही. खात्याचे उपसंचालक पाहणीला आले. गाडीतून उतरताच ते घाईघाईने बाणांमागे गेले आणि परतताना इंजिनाविषयी फार आपुलकीने बोलले. अहवालात त्यांनी लिहिले, 'लोक शौचालयासाठी येतात. मग त्यांना जहाजातून जाण्याचा त्रास कशासाठी?' लगेच रस्त्याला लागून पाच दारांचे नवे शौचालय मंजूर झाले, आतले बंद झाले आणि मिस्त्रींच्या बायकोची तिकडे बढतीवर बदली झाली.

"मी नाही जात, तसं लिहून देते," ती म्हणाली.

"जा गं. तिथले नळ तरी नवे आहेत."

"आणि तुमचं हे धूड कोण चालवणार?"

नवी सोय झाल्यापासून जहाजाला दिवसाला सरासरी दोन प्रेक्षक आहेत (त्यांतला एक वाट चुकलेला). नुसती डोकी मोजू नयेत, आस्थाही मोजावी, असा अर्ज मिस्त्रींनी केला. खाते न्यायी असल्याने तो मान्य झाला. नव्या शौचालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे ठरले: समोरच्या जहाजाचे नाव काय? ते जहाजाच्या पुढच्या टोकावर हातभर अक्षरांत रंगवलेले आहे. निम्म्यांना सांगता आले तर जहाज राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल.

काल दुपारी चारपर्यंत एकशे बारा जणांना विचारून झाले. दोघांनी शौचालयाच्या ठेकेदाराचे नाव सांगितले. बरोबर उत्तरे अठ्ठावन्न आली, म्हणजे निम्म्याहून दोन जास्त. मात्र त्यांपैकी सव्वीस जणांना ते नाव मिस्त्रींच्या बायकोने आतच, हात धुताना, हळूच सांगितले होते, असे आढळले. ही उत्तरे धरावीत की नाही, यावर खात्यात विचार चालू आहे. मिस्त्री पहाटेपासून शिडीवर चढून तीच अक्षरे पुन्हा रंगवत आहेत.

हा मजकूर वाचणाऱ्यांनाही पाहणीत घेण्यात आले आहे. जहाजाचे नाव कोणाला ठाऊक असल्यास सोमवारच्या आत कळवावे. इथवर वाचूनही ज्यांना ते विचारावेसे वाटले नाही, त्यांची नोंद 'नाही'च्या रकान्यात झाली आहे.