चंद्रावतीच्या जागी बूट

दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सहदेव देवबागहून मालवणात यायचा. आधी डेलिशाच्या नेट कॅफेत शिरायचा, बायकोला बघायचा आणि मगच भाजीकडे वळायचा.

बायको, चंद्रावती, गेल्या वर्षी वारली. हयात असताना तिनं घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि डेलिशाकडून त्यांची वेबसाइट करून घेतली. नावही स्वतःचंच दिलं. पहिल्या पानावर तिचा फोटो होता. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून सुरमई कापताना, फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावत ती हसत होती.

त्या सोमवारी पान उघडलं आणि चंद्रावतीच्या जागी बूट आले. लाल बूट, निळे बूट, उंच टाचांचे बूट.

"डेलिशा, गो बाय, ह्यां काय? माजी बायल खंय गेली?"

डेलिशानं बरीच खटखट केली आणि कपाळाला हात लावला.

"काका, वेबसाइटच्या नावाची मुदत संपली. ता दरवर्षी नवीन करून घेवचा लागता. सूचना इल्यो, पण त्यो काकीच्या मेलवर. पासवर्ड काकीकच म्हायत. मुदत टळली आणि बूटवाल्यान नाव उचलल्यान."

सहदेव बुटांकडे बघत राहिला.

"फोटो माज्याकडे सीडीर आसा," डेलिशा म्हणाली. "मोठो करून देतंय. भिंतीर लावा."

"भिंतीर एक आसा. हार घातलेलो. तो बघलो की ती गेली, ह्यां कळता. हंय तसा नाय. कोणीय, खंयसूनय नाव घातला की ती दार उघडता."

डेलिशानं कीबोर्ड पुढे ओढला.

नाव विकणारी कंपनी अमेरिकेतली. तिचं उत्तर सहदेवचा चहा संपायच्या आत आलं: तक्रार फक्त नावाच्या मालकानंच करावी.

"मालक कोण?"

"चंद्रावतीकाकी."

"तिका आता खंयसून हाडू?"

मग मृत्यूचा दाखला पाठवला. त्यावर उत्तर आलं, 'प्रिय चंद्रावती, आपला दाखला मिळाला. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?'

सहदेवनं क्षणभर विचार केला. "लिही त्येंका. तिचो काय जबाब इलो तर माकाय कळवा."

डेलिशानं तसं लिहिलं नाही. सहदेवनं पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बरा. हेंच्या वर कोण?"

तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर प्रांत, त्याच्या वर ओरोसला कलेक्टर, एवढं सहदेवला ठाऊक होतं. इंटरनेटलाही वर कोणीतरी असणारच. आणि होतं! जगातल्या सगळ्या नावांचा कारभार बघणारी एक कचेरी होती. त्या कचेरीच्या चुका बघायला एक समिती होती. समितीनं ऐकलं नाही तर गाऱ्हाणी ऐकायला वेगळा माणूस नेमलेला होता. डेलिशा एकेक पायरी चढत गेली आणि प्रत्येक पायरीवरून उत्तर आलं.

एका उत्तरात लिहिलं होतं, 'एक दिवस उशीर झाला, क्षमस्व.'

"सायबान माफी मागल्यान?" सहदेवनं दोनदा विचारलं. सातबाऱ्यावर वारस लावताना त्याला साहेब खुर्चीत सापडला नव्हता, माफी तर सोडाच. त्यानं त्या कागदाची प्रिंट काढून घेतली आणि वाडीत घरोघर दाखवली. लोकांनी ती हात पुसून हातात घेतली.

शेवटी सगळ्यात वरच्या कचेरीचं पत्र आलं. डेलिशानं ते मराठीत सांगितलं. "ते म्हणतंत, आमची तक्रारीची व्यवस्था खरोखर कोणाक जाब देता काय, ह्यां आमी ताण देवन बघतंव. मालकच वारलो तर काय, ह्यां आमका सुचलाच नव्हता. उघड्या सुनावणीत फोनवर बोलश्यात?"

"म्हंजे रापणीच्या जाळ्याचो दोर," सहदेव म्हणाला. "नवो दोर आधी माडाक बांधून ओढूचो. तुटलो तर हंय तुटांदे, दर्यात नको."

"तसाच. दोर त्येंचो, ओढणारे तुमी."

"पण रापणीचो दोर कोण एकट्यान ओढता काय गो?"

इथेच घोटाळा झाला. सुनावणीच्या संध्याकाळी डेलिशाच्या कॅफेत अर्धं देवबाग उतरलं. सगळ्यांत पुढे धुतलेलं धोतर नेसून दाजी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

सहदेवनं इंग्रजीचं एक वाक्य पाठ केलं होतं. पण स्पीकरवर एकेक जण आपलं नाव आणि देश सांगू लागला. केनिया, जपान, ब्राझील. एवढी माणसं चंद्रावतीसाठी बसलीत हे कळल्यावर तो पाठ केलेलं वाक्यच विसरला. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी तक्रार काय, असं दोनदा विचारलं. सहदेव गप्पच.

ही शांतता दाजींना सोसवेना. त्यांनी टेलिफोनला हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं कॅफे गरजलं.

"आज ह्यो जो काय सात मुलखांचो मेळो तारेर जमलो आसा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या चंद्रावतीच्या नावार ज्या कोणी बूट मांडल्यानी, तेका सुबुद्धी दी, तेचे बूट दुसऱ्या खंयतरी इकले जांदे, आणि तिची जागा तिका परत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पलीकडून अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, हे मतदान होतं का?

डेलिशा घाईघाईनं इंग्रजीत म्हणाली, "नाही, बाई. आमच्याकडे एकानं गाऱ्हाणं मांडलं की बाकीचे ते आपलं म्हणून उचलतात."

पलीकडे काही कुजबुज झाली. ब्राझीलचा माणूस म्हणाला, हे आमच्या नियमांत नाही, पण असायला हवं होतं. डेलिशानं हे सांगताच दाजींना स्फुरण चढलं. "ही माणसा जशी गोडयान इली, तशी गोडयान आपापल्या घराक पाठव रे म्हाराजा!"

या वेळी कॅफेच्या आधी फोनमधून आवाज आला. वाकडेतिकडे उच्चार, पण एका सुरात. "व्हय म्हाराजा!"

सहदेवला एकदम वाचा फुटली. "डेलिशा, इचार त्येंका. तुमच्या वर कोण?"

डेलिशानं विचारलं. मग अध्यक्षबाई सावकाश बोलल्या. डेलिशाही तितक्याच सावकाश म्हणाली, "काका, त्या म्हणतंत, त्येंच्या वर पंच. आणि पंचांच्या वर, जी कोण माणसा ही नावा वापरतंत ती. म्हंजे तुमी."

कोणीतरी सहदेवला बसायला स्टूल दिलं.

महिन्याभरात नाव परत मिळालं. बूट गेले. डेलिशानं सीडीवरून पान पुन्हा चढवलं आणि सहदेवला शेजारी बसवून नावाचा अर्ज भरायला घेतला.

"मालक म्हणान तुमचा नाव घालतंय."

"चंद्रावती घाल."

"काका! परत सूचना तिका जातल्यो, परत मुदत टळतली, परत दाजींका फोनसमोर उभे करूचे लागतले! सगळ्यांच्या वर तुमी, ह्यां त्या बाईन तुमका सांगल्यान मां?"

"त्येंच्या वर मी. पण माज्या वर ती."

"आणि काकीच्या वर?"

सहदेवनं पडद्याकडे बघितलं. आदोळीवर बसून चंद्रावती हसत होती, काहीतरी सुनावत होती.

"थंय अपील नाय गो," तो म्हणाला आणि पिशवी उचलून भाजीकडे निघाला.

"व्हय म्हाराजा," म्हणत डेलिशानं चंद्रावतीचं नाव घातलं. सूचनांसाठी पत्ता मात्र स्वतःचा दिला.